पहिल्या दोन नळ्या

७ डिसेंबर १९५४, मंगळवार

आज तिसरी शेळी गाभडली.

निस्तारमासी रोजच्यासारखी पांढरी शेळी घेऊन दारात आली, पण दूध काढायला बसेचना. दादाला म्हणाली, "डाक्तारबाबू, आबार." पुन्हा. एवढंच बोलली आणि दोरी मनगटाला गुंडाळत उभी राहिली.

दादा उठायच्या आत मीच तिच्याबरोबर कालव्यावरच्या तिच्या झोपडीशी गेलो. पिल्लू गोणपाटावर पडलं होतं. अंगावर धड केससुद्धा नव्हते. मासीनं पदर तोंडाला लावला, ती काही हात लावणार नव्हती. मग मीच उचललं आणि काठावर खड्डा करून पुरलं. हात कालव्यातच धुतले. येताना वाटेत एक जण बाभळीच्या फांदीवर माकड नाचवत होता, ते बघत बसलो. घरी आलो तर जेवणं झालेली.

दादा, माझा मावसभाऊ, जनावरांचा सरकारी डॉक्टर, पण तोंडावर माणसांच्या डॉक्टरचे भाव. म्हणाला, "ब्रुसेला असू शकतो. जंतू आहे. एका शेळीपासून सगळ्या गाभडतात. दुधातून माणसालाही होतो." मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "रक्त तपासेपर्यंत मासीचं दूध बंद."

वहिनीला पाचवा चालू आहे. गेल्या वर्षीचं सहाव्यात गेलं. म्हणून तर मावशी, दादाची आई, पुण्याला जाताना बजावून गेली होती — शेळीचं दूध, धारोष्ण, दारात काढून तसंच प्यायचं, चुलीला लावायचं नाही. दादा डॉक्टर असून आईपुढे बोलला नाही. वहिनीला इथल्या गाईच्या दुधाचा वास सहन होत नाही. हे एक दूध पोटात राहतं.

"मग मी काय पिऊ?" तिनं विचारलं. दादा म्हणाला, "भाताची पेज." वहिनी हसली, पण नुसत्या तोंडानं.

मी या आठवड्यात आसामला निघणार होतो. आता दादा म्हणतो शेळ्या धरायला कोणी नाही.

९ डिसेंबर, गुरुवार

शेळी धरणं सोपं नाही. दोन पायांत घ्यायची, हनुवटी वर उचलायची, मान ताणून एका बाजूला वळवायची. दादा गळ्यावरचे केस कापतो, स्पिरिट लावतो, अंगठ्यानं शीर दाबतो. शीर फुगली की जाड सुई. रक्त काचेच्या नळीत ठिबकतं. शेळी तेवढा वेळ अशी ओरडते की पुलावरची माणसं वाकून बघतात.

मासी मधेच पडत होती. "माझं काढा ना. त्यांच्या अंगात आहे काय?" फाळणीनंतर बोरिसालहून आली तेव्हा नवरा वाटेतच गेला, नातू तेवढा कडेवर. शेळ्या इथे येऊन एकेक करून जमवल्या. रोग निघाला तर सरकार शेळ्या घेऊन जाणार, हे तिला कोणीतरी सांगितलंय. दादानं नाही म्हटलं नाही.

मला ती बर्गी म्हणते, म्हणजे बंगाल लुटायला आलेला मराठा स्वार. मी मराठी, आणि घर बागबाजारात, जिथून मराठ्यांना अडवायला खंदक खणला होता. नातू जेवत नसला की मला बोलावते, "खा, नाहीतर हा बर्गी नेईल." पोरगं माझ्याकडे बघून खदखदा हसतं. आज मात्र म्हणाली, "तुझे पणजे सोनं घेऊन गेले. तू शेळ्या घेऊन जा." मला हसू आलं नाही.

नळ्यांची टोपली घेऊन मला प्रयोगशाळेत जायचं होतं. पूल ओलांडला की दहा मिनिटं. वाटेत आखाड्यात कुस्ती चालली होती.

१० डिसेंबर, शुक्रवार

सगळं वाया. रक्त निवांत ठेवलं तर गोठतं आणि वर पिवळं पाणी सुटतं, ते हवं असतं. माझ्या नळ्यांत सगळं लाल. "टोपली घेऊन नाचलास का?" दादा. मी म्हटलं, उशीर झाला म्हणून पळालो. "उशीर कशानं?" "कुस्ती बघत होतो." दादानं चष्मा काढून डोळे चोळले. पुन्हा सगळ्या शेळ्या टोचायच्या.

१५ डिसेंबर, बुधवार

पुन्हा टोचल्या. मासी पाठ करून बसली. आज मी रस्ताभर टोपली छातीशी धरून चाललो, कुठे थांबलो नाही. पिवळं पाणी छान सुटलं.

आता दुसरंच. अँटिजेनची पेटी आली — मेलेल्या जंतूंचं दुधाळ पाणी असतं, ते रक्ताच्या पाण्यात घालायचं. रोग असेल तर जंतू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. नसेल तर नळी दुधासारखी गढूळच राहते. पेटीतल्या बाटल्या वाटेत फुटलेल्या. एकच शाबूत. दुसरी कधी येईल कोण जाणे.

प्रत्येक शेळीची एक रांग लावायची असते. पहिल्या नळीत रक्ताचं पाणी दाट, पुढच्या प्रत्येक नळीत निम्मं पातळ. पूर्ण रांगा लावल्या तर चार शेळ्यांतच बाटली संपणार. दादा पेन्सिल चावत बसला होता. मी म्हटलं, "दादा, दाट चहात साखर लागली नाही तर पाणी घातल्यावर लागेल का?"

"म्हणजे?"

"पहिल्या दोन नळ्याच लाव. दाट रक्तात रोग दिसला नाही तर पातळ करून कुठून दिसणार?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "विन्या, मॅट्रिक झाला असतास तर कामाचा होतास." आणि दोन दोनच लावल्या. सगळ्या शेळ्या त्यात बसल्या, वर घोटभर बाटली उरली.

१७ डिसेंबर, शुक्रवार

सगळ्या गढूळ. एकही शेळी रोगी नाही!

दादानं प्रत्येक नळी खिडकीशी धरून बघितली, पुन्हा बघितली. मासीला सांगायला मीच गेलो. ती आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग पांढऱ्या शेळीच्या कपाळावर कपाळ टेकून बसली. लगेच पेला घेतला आणि तिथेच दूध काढून माझ्यापुढे धरला. फेसाचं, कोमट, मातीचा जरासा वास. दोन पेले प्यालो. "रोज ये," म्हणाली. "बर्गीची खंडणी."

संध्याकाळी ती दारात आली. वहिनी उंबऱ्यावर बसून प्याली आणि पदरानं ओठ पुसत म्हणाली, "भावजी, तुमची दाट चहाची अक्कल पावली." दादानं तिला सांगितलेलं दिसतंय. मला बरं वाटलं. फार दिवसांनी कुणीतरी अक्कल म्हटलं.

गाभडण्याचं कारण काहीतरी दुसरं असणार. थंडी, चारा. रात्री कुत्री मागे लागतात, तेही असेल.

२५ डिसेंबर, शनिवार

पार्क स्ट्रीटचे दिवे बघायला पायी गेलो. पाय भरून आले म्हणून परत ट्रामनं आलो. मी ट्रामनं!

९ जानेवारी १९५५, रविवार

काय झालंय कळत नाही. दुपारपर्यंत बरा असतो, मग हाडांत कणकण भरते. संध्याकाळी ताप. रात्री घाम, इतका की सतरंजी भिजते. सकाळी पुन्हा काही नाही. मोहल्ल्यातले डॉक्टर म्हणाले मलेरिया. क्विनाइनच्या गोळ्या घेतोय. कान वाजतात, ताप जात नाही.

आसामचं राहिलंच.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. वहिनीनं तिळाच्या वड्या केल्या, गूळ इथला खजुराचा, म्हणून काळ्या झाल्या. मासी नारळ भरलेले, आपल्या मोदकांसारखे पिठे घेऊन आली. दोघी उंबऱ्यावर बसून एकमेकींचं खात होत्या. वहिनीचं बंगाली मोडकं, मासीचं मराठी शून्य, तरी हसत होत्या.

मासीनं जाताना हळूच सांगितलं, आणखी एक गाभडली. तपकिरी. दादा म्हणाला, "रक्त स्वच्छ आहे मासी. थंडीत उघड्यावर बांधू नका." तिनं मान हलवली. शेळ्या आता ती झोपडीत घेते, म्हणजे स्वतः बाहेर झोपते.

वहिनीला सहावा संपत आला. त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. दादा रोज तिचा चेहरा बघून कामाला जातो. दुधाचा पेला स्वतः विसळून देतो.

२५ जानेवारी, मंगळवार

आज उठलोच नाही. कंबर मोडल्यासारखी. डोळे मिटले की कालव्याचं पाणी दिसतं. वहिनी पेज घेऊन आली. "पाय थांबले एकदाचे तुमचे. मावशींना कळवते, लग्नाचं बघा म्हणून." मी म्हटलं, बघा. वाद घालायची ताकद नव्हती.

तिनं उठताना भिंत धरली. "काय झालं?" "काही नाही. माझीही कंबर भरून येते हल्ली. ओझं वाढलंय."

३ फेब्रुवारी, गुरुवार

बरं वाटतंय. सलग तिसरा दिवस ताप नाही. गंगेवर जाऊन बसलो, गवत भरलेल्या होड्या बघितल्या. एका होडीवाल्यानं विचारलं, कुठे जायचंय? मी म्हटलं, कुठेही. तो म्हणाला, मग बसून राहा. बसलो.

वहिनीला सातवा लागला! दादा आज घरी येताना शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे मला माहीत नव्हतं. काल तिला जरा कणकण होती, आज नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या अँटिजेनच्या बाटल्या आल्या, सगळ्या धड. सोमवारी निघतो. सिलिगुडी, मग पुढे बघू. सामान म्हणजे एक पिशवी. वहिनीनं चिवडा करून दिलाय, तो आजच अर्धा संपला.

नवी बाटली वापरायच्या आधी पारखावी लागते. एक पक्कं रोगी रक्त लागतं, ते बाटलीबरोबर येतं. आणि एक पक्कं स्वच्छ. दादा म्हणाला, "स्वच्छ तूच दे. इतके महिने फुकट जेवलास." दंडाला रबर बांधलं. मी म्हटलं, मान नको का वळवायला? "ओरडू नकोस म्हणजे झालं."

पूर्ण रांग लावली. आता कंजुषी करायचं कारण नाही. निकाल परवा सकाळी. निरोप म्हणून मीच वाचणार.

मासीनं नातवासाठी माझा जुना सदरा मागून घेतला. रोज घरात धाक दाखवायला बर्गीचं काहीतरी हवं म्हणे.

१३ फेब्रुवारी, रविवार

पहिली नळी गढूळ. दुसरी गढूळ. स्वच्छ, म्हटलं आणि रांग धुवायला उचलली. दादानं मनगट धरलं.

तिसरी नळी नितळ होती. तळाशी फाटक्या कापडासारखा गाळ. चौथी तशीच. पाचवी तशीच. सहावीसुद्धा.

दादा स्टुलावर बसला. म्हणाला, "रोग फार असला की दाट नळ्यांत दिसत नाही. पातळ केल्यावरच दिसतो. कॉलेजात वाचलं होतं, विन्या. मी वाचलं होतं हे."

मला माझा दाट चहा आठवला, आणि मासीच्या शेळ्यांच्या त्या दोन दोनच नळ्या. दोघांनी एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मासीची यायची वेळ झाली होती. पुलावरून पळालो. मधे कुठेही थांबलो नाही.

वहिनी उंबऱ्यावर बसली होती. पेला ओठाला लावलेला. दादानं तो तिच्या हातातून काढून घेतला, अर्धा रिकामा होता. "अहो, काय झालं?" ती म्हणाली. त्यानं पेला खाली ठेवला आणि खिशातून रबर काढलं.

"हात पुढे कर."

मासीनं आमच्याकडे पाहिलं, मग रबराकडे. आणि पांढऱ्या शेळीची मान दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली.