पेरू देशी टॉवेल

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
परदेश व्यापार मैत्री कक्ष,
सोलापूर.

विषय : अर्जदार विणकर असून पेरूचा बागायतदार नसल्याची नोंद घेणेबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा टॉवेलविषयक अर्ज. २) त्यास आपण दिलेले फळविषयक उत्तर.

महोदय,

अर्जदार गुरुबसप्पा चनबसप्पा हत्तुरे, धंदा यंत्रमाग, हा आपणांस शिल्लक असेल तेवढ्या आदराने कळवितो की, दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. त्याची राजधानी लिमा. तेथील हॉटेलांना कापड पुरविणाऱ्या किस्पेबाईंना अर्जदाराचा टर्किश टॉवेल पसंत पडला. माल सोलापुरात विणला गेल्याचे आपल्या कक्षाचे पत्र महिनाअखेर मिळाले तर त्यांचे जहाज धरता येते. न मिळाल्यास बाई दुसऱ्या देशाकडून घेतील आणि अर्जदाराचे माग भंगारात जातील.

सबब अर्जदाराने "पेरू देशी टॉवेल पाठविणेबाबत" असा अर्ज केला. आपल्या आवक नोंदवहीचा रकाना अरुंद. त्यात "देशी पेरू पाठविणेबाबत" एवढेच मावले. फाईल फळे टेबलास गेली. तेथील बिरुदेव भाऊसाहेबांना अर्जदाराने देश आणि फळ यांतील भेद समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुमी पेरूला पाठवताय का पेरू पाठवताय, त्ये आमी बघत न्हाय मालक. पेरू म्हनलं की ह्यो टेबल."

पुढील आठवड्यात आपले बाग-तपासनीस कारखान्यात आले. अर्जदार बाहेर होता. मागांची देखभाल करणारे जॉबर पीरसाब यांनी त्यांना सगळे माग दाखवले. तपासनीसांनी झाडे विचारली. पीरसाब म्हणाले, "झाड एकच हाय की साहेब, दारातलं लिंबाचं." कडुलिंबाला आपल्याकडे लिंबच म्हणतात, हे तपासनीसांना ठाऊक नसावे. अहवालात "पेरू व लिंबू, मिश्र बाग" असे आले.

त्यानंतर नमुन्याचा टॉवेल फळमाशीच्या तपासणीस गेला. निष्कर्ष असा, की माशी नाही, बी नाही, गर शोषक स्वरूपाचा असून फळ अपक्व आहे. हा अहवाल न्यायला अर्जदार कार्यालयात आला, तेव्हा तोच टॉवेल बेसिनजवळ खिळ्याला टांगलेला होता आणि आपण स्वतः त्याला हात पुसत होतात. म्हणजे तो टॉवेल आहे हे कार्यालयाच्या हातांना कळते, कागदांनाच कळत नाही. अर्जदारास राग आला नाही. अहवाल घेऊन तो निघाला.

यानंतर भारत-पेरू मैत्री सोहळा झाला. शिष्टमंडळात किस्पेबाई होत्या. पाहुण्यांपुढे पेरूच्या फोडी, तिखट-मीठ लावून. या मैत्रीत बी कमी आणि गर जास्त आहे, असे आपण भाषणात म्हणालात. प्रगतशील बागायतदार म्हणून अर्जदारास व्यासपीठावर बसवले होते. बाईंनी दुभाष्याकरवी विचारले, टॉवेलवाले हत्तुरे कोठे आहेत? आपण उत्तर दिलेत, "हे फळवाले हत्तुरे. टॉवेलवाल्यांचा अर्जच नाही." अर्जदार बोलायला उठला, तर तो सत्काराला उठला असे समजून त्याच्या गळ्यात हार घालण्यात आला आणि हातात टॉवेल देण्यात आला. अर्जदाराने सवयीने काठ उलटून पाहिला. चिठ्ठी तिसऱ्याच देशाची होती. सोलापुरात, विणकराच्या सत्काराला, परदेशी टॉवेल. थुंकायला व्यासपीठावर सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्जदाराने बाईंना गाठून टॉवेलवाला हत्तुरे तो स्वतःच, हे सांगितले. त्या म्हणाल्या, मला पटले, पण जहाजाला पत्र लागते. इकडे टॉवेलांचे काठ शिवणाऱ्या मथुराबाईंनी रिकाम्या मशीनवर बसून विचारले, "मालक, आता आमी पेरू चिरायचं का?" बाकीच्या बायका हसल्या. अर्जदारास हसता आले नाही, कारण पत्र आले नाही तर या बायकांना उद्या काय सांगायचे, हे त्याला ठाऊक नव्हते.

काल बिरुदेव भाऊसाहेबांनी मार्ग दाखवला. बागायतदारांच्या यादीतून नाव कमी झाले की विणकराचे पत्र त्याच दिवशी निघते. मात्र नाव कमी करण्यास बाग काढल्याचा पंचनामा हवा. झाडेच नाहीत, असे अर्जदार म्हणाला. "मग तर अवघड हाय," भाऊसाहेब खरोखर हळहळले. "नसल्याली झाडं तोडली असं पंच कसं लिहितील? असती तर लई सोपं व्हतं."

हे म्हणणे अर्जदारास पूर्ण पटले आहे. त्याने आज दोन माग सरकवून खालची फरशी फोडून घेतली. पीरसाब आयुष्यात पहिल्यांदाच पाळी संपण्याआधी घरी गेले. रोपे उद्या सकाळी येतील. महिनाअखेर परवा आहे. तरी लागवडीची पाहणी आणि तोडीचा पंचनामा यांसाठी उद्याचीच एक वेळ द्यावी, आणि पंचांना सांगावे की झाडे लहान आहेत, पाय जपून टाकावा.

आपला नम्र व, कार्यालयाची हरकत नसल्यास, विणकर,
गुरुबसप्पा चनबसप्पा हत्तुरे
सोलापूर, दि. २९