एका बाटलीतले जंतू

२६ सप्टेंबर
तापासाठी दवाखान्यात भरती केलेल्या आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला. दोन बाटल्या भरल्या होत्या, एकीत जंतू निघाले. डॉक्टर दीप्ती मॅडम म्हणतात, हे कातडीवरचे जंतू, सुई टोचताना बाटलीत गेले असतील. ताप उतरलाय, अँटिबायोटिक आताच नको. पण छातीत पेसमेकर आहे, तेव्हा उद्या परत रक्त घेऊन खात्री करू. त्याच्या तारेला जंतू चिकटले असतील तर तो काढावा लागेल.
मी हिंगण्याला कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे. एक नमुना खराब निघाला की आम्ही अख्खा लॉट थांबवतो. इथे अर्धे नमुने खराब, आणि मॅडम वाट पाहतात. हुशार आहेत, पण वय लहान.
संकल्प: मन शांत ठेवणे. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ न करणे.

२६ सप्टेंबर, संध्याकाळ
चौकातल्या मेडिकलवाल्या दुर्गेशकडून अँटिबायोटिक आणलं. त्याने चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, घरी राहिली. तो म्हणाला, विहारातला माणूस खोटं थोडंच बोलेल. चौथं शील मोडलं असं नाही. चिठ्ठी घरी आहेच, फक्त ती माझ्या दाताची आहे.
आईला ताकदीची गोळी म्हणून दिली. ‘काहून गा, मले का कुस्ती खेळाची हाय?’ म्हणाली. पण घेतली.

२७ सप्टेंबर
सकाळी दुसरी गोळी. मग दोन्ही हातांतून रक्त घेतलं. मी बाहेर बाकावर त्रिसरण म्हटलं. गोळ्यांचं कोणी विचारलं नाही. न विचारता सांगणे हा अहंकार.

३० सप्टेंबर
रिपोर्ट स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, कातडीवरचेच होते, औषध लागणार नाही, दोन दिवसांत घरी न्या. त्यांना वाटतं त्यांचं बरोबर ठरलं. वाटू दे.
आईला अश्विन पौर्णिमेला विहारात जायचंय. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाच्या समाप्तीची खीर दरवर्षी तीच करते.

१ ऑक्टोबर
राउंडला मॅडमनी विचारलं, आजी, बाहेरचं काही घेता का? आई कौतुकाने म्हणाली, ‘पोरगा ताकदीच्या गोळ्या देऊन राहिला ना. लय जीव हाय त्याचा.’
मॅडमनी गोळ्यांचं पाकीट मागितलं. वाचलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आता हा रिपोर्ट धरता येत नाही. जंतू नव्हतेच, की गोळ्यांनी दबले, कसं ओळखू? उगाच कित्येक आठवडे इंजेक्शनं देता येत नाहीत, आणि खरे असतील तर सोडताही येत नाही. गोळ्या बंद. असर गेला की परत रक्त.
कंपनीत नव्या पोरांना मीच शिकवतो, नमुना घेण्याआधी माल पुसायचा नाही. पण मालाचं वेगळं, आईचं वेगळं.

४ ऑक्टोबर
दुपारी आईला कणकण. पंखा जोरात होता म्हणून असेल. पंखा कमी केला. कणकण तशीच.

६ ऑक्टोबर, अश्विन पौर्णिमा
सकाळी परत रक्त घेतलं. शीर सापडेना. रिपोर्टला वेळ लागेल.
विहारातली खीर सुमतीबाईंनी केली. आई म्हणाली, ‘साखर कमी टाकली असन तिनं.’ मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.
वॉर्डच्या दारात काजल सिस्टरनी माझी पिशवी उघडली. डबा, टॉवेल, वंदनेचं पुस्तक, सगळं बाहेर. मी म्हटलं, वरवर पाहिलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, तुमची रोज पूर्ण पाहायची, मॅडमनी सांगितलंय.
आमच्याकडेही हेच आहे. ज्याचा माल एकदा नापास झाला, त्याचा पुढे नमुना काढत नाहीत. सगळा तपासतात.