चार दिवसांना पेटी कशाला

१४ मार्च, सकाळ

चि. चिमणी हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तू कशी आहेस? गोळ्या वेळेवर घेतेस ना, की तिकडे त्याचाही आनंदीआनंद? जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. घरमालकाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. खालच्या मजल्यावरच्या मांजरीने तुझ्या खोलीच्या खिडकीत ठाण मांडलंय. हाकलली नाही, तेवढीच सोबत. माझा गुडघा आहे तसाच आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

काल तुझा फोन आला तेव्हा मी 'बरं' म्हणून ठेवून दिला. फोनवर मला सुचत नाही, आणि मागून त्या तुझ्या बसवालीचा आवाज येत होता. म्हणून लिहायला बसले. 'ताई, माझी हत्यारांची पेटी तेवढी पाठवून दे,' म्हणालीस. आता मला सांग, तू तिच्याकडे चार दिवस राहून येते म्हणून गेलीस ना? चार दिवसांना कपड्यांचे दोन जोड पुरतात. घड्याळं दुरुस्त करायची पेटी कशाला लागते? तुला अर्धांगाचा झटका आला आणि तुझा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ती पेटी माझ्या कपाटावर धूळ खात पडली होती. धूळ तरी कुठली, दर शनिवारी मी पुसत होते.

पेटी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. ती पाठवली म्हणजे तू परत येत नाहीस, एवढं मला कळतं. मी काही कुक्कुलं बाळ नाही. पाठवायची की नाही ते हे पत्र लिहून होईपर्यंत ठरवीन.

आणि स्पष्टच लिहिते, मला त्या बाईचा हेवा वाटतो. हेवा कसला, जळफळाट होतो. या वयात शोभत नाही, ठाऊक आहे. जन्मभर शहरातली बस हाकली, आता निवृत्त झाली, खांदा धरला म्हणून व्यायामाच्या दवाखान्यात येऊ लागली, तिथे तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, संपलं. एवढ्या ओळखीवर ती तुझी जिवाभावाची? आणि मला 'ताई' म्हणते! मी हिची ताई कधीपासून झाले?

सहलीबद्दल आपण दोघी अजून एक अक्षर बोललो नाही. 'चार दिवस राहून येते' एवढा निरोप धाडून तू तिच्या गाडीतून परस्पर तिच्या घरी गेलीस, मी सहलीच्या बसने एकटी परत आले. म्हणून माझ्या बाजूने सहल कशी झाली ते आता ऐक.

पहिलं म्हणजे, तिकिटं तिने दोघींचीच काढली होती. सकाळी तुरुंगाचं बेट, दुपारी मत्स्यालय, सोबत माहिती सांगायला माणूस. मी म्हटलं, मीही येते. तेव्हा तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंत. मला चष्मा आहे म्हणून दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?

लाँचवर बाकं दोघादोघांची. तू खिडकीशी, तुझ्या शेजारी ती, आणि मी मागे एका घोरणाऱ्या माणसाजवळ. मी पहाटे उठून संत्री सोलून, बिया काढून, डब्यात भरून आणली होती. अंडी उकडून सोललेली. पावाच्या कडा कापलेल्या. तुला एका हाताने खाता यावं म्हणून. आणि ती बया काय करते? खिशातून अख्खं संत्रं काढते आणि तुझ्या मांडीवर टाकते! सालीसकट! वर आपली खिडकीबाहेर बघत बसते. तू डाव्या हाताने धरून उजव्या अंगठ्याने कोरत राहिलीस. लाँच धक्क्याला लागली तरी जेमतेम अर्धं सोलून झालं होतं, आणि रस सगळा कोटावर. तो कोट मी आदल्या दिवशी इस्त्री केलेला. हॉटेलच्या लाँड्रीत एवढी वर्षं काढली मी, संत्र्याचा डाग म्हणजे काय ते मला विचार. माझा डबा भरलेला तसाच परत आला. मीच खाल्ली ती संत्री. आंबट होती.

बेटावर ती पिवळ्या छत्रीवाली मुलगी माहिती सांगायला होती. चांगली होती पोरगी, फक्त मला 'आजी' म्हणाली. कोठडीत जाऊन बघायचं असेल तर दोघादोघांनी या, मी बाहेरून दार लावते, असं ती म्हणाली. मी तुझा स्वेटर घडी करून पिशवीत ठेवेपर्यंत तुम्ही दोघी आत! दार लागलं. आणि आतून हसण्याचा आवाज. अगं, तुरुंगात डांबल्यावर कुणी हसतं का? मी दाराला कान लावला, तर ती मुलगी म्हणते, 'आजी, जरा मागे सरका, दार उघडायचंय.' चारचौघांत माझी शोभा. आत एवढी कसली गंमत चालली होती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग त्या छत्रीवालीने तिथल्या एका पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. तुरुंग बंद झाला, कैदी हलवले, पण हा गडी बेटावरच राहिला. रोज संध्याकाळी रिकाम्या कोठड्यांना कुलपं लावायचा, सकाळी उठून उघडायचा. कुणी विचारलं की म्हणायचा, माझ्याशिवाय त्यांचं कसं होणार? सगळे हसले. बसवाली तर खो खो हसली. तू हसली नाहीस. तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं तुला थंडी वाजतेय. मी शाल काढून तुझ्या खांद्यावर टाकली, आणि वरची गुंडी लावली.

मत्स्यालयाबद्दल काय लिहायचं? मासे होते. काचेच्या बोगद्यातून चालताना डोक्यावरून तो केवढा थोरला शार्क गेला, तेव्हा तुझी बसवाली म्हणाली, 'इथली वाहतूक बरी आहे गं, कुणी हॉर्न वाजवत नाही.' यात हसण्यासारखं काय होतं? पण तू कठडा धरून हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्याकडे एवढ्या महिन्यांत तू अशी एकदाही हसली नाहीस. मलाही विनोद करता येतात, चिमणे. लाँड्रीत सगळ्या पोरी माझ्या बोलण्यावर पोट धरून हसायच्या. तुझ्यासमोर असले की मला तुझी औषधंच आठवतात, त्याला मी काय करू?

त्या हात लावायच्या टाकीबद्दल मी लिहिणार नाही.

चहा पाणचट होता. दुकानातून मी काहीच घेतलं नाही.

दुपार

मध्ये उठून भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. मग तुझी पेटी उघडून बसले. उघडू नये, पण उघडली. तुझा तो बारीक चिमटा घेतला आणि एक स्क्रू उचलून बघितला. तिळाएवढा तो. तीनदा निसटला, चौथ्यांदा जमिनीवर पडला. गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो म्हणत मी खाली बसले आणि पलंगाखाली अर्धा तास शोधला. सापडला. जागच्या जागी ठेवलाय, काळजी करू नको. तू हे दिवसभर कसं करायचीस गं? आणि मी तुझ्या दुकानात आले की पहिलं वाक्य काय तर, 'अजून जेवली नाहीस?'

बरं, आता टाकीबद्दल लिहिते. नाही लिहिलं तर हे पत्र लिहून उपयोग काय?

त्या उथळ टाकीत तारामासे होते. तिथला माणूस म्हणाला, दोन बोटं पाण्यात अलगद सोडा, घाई नको. मागे शाळेच्या मुलांची ही एवढी रांग. तू बाही वर केलीस आणि उजवा हात पुढे केलास. उजवा! डावा चांगला असताना. हात पाण्यावर धरलास, आणि मूठ काही उघडेना. मुलं ढकलाढकली करायला लागली. बसवाली तुझ्या मागे आडवी उभी राहिली, हाताची घडी घालून, रांग अडवून. तुला मदत नाही, काही नाही, नुसती उभी. माझं डोकं फिरलं. ही कसली मैत्रीण? बहीण इथे सगळ्यांसमोर ताटकळतेय आणि ही मजा बघतेय! मी पुढे झाले, तुझं मनगट धरलं, तुझी बोटं एक एक करून सरळ केली आणि हात पाण्यात बुडवला. तारामासा तुझ्या बोटांना लागला. मी म्हटलंसुद्धा, 'बघ, जमलं की नाही?'

तू म्हणालीस, 'ताई, हात सोड.'

मी सोडला नाही. मला वाटलं, मी सोडला तर तुझा हात खाली पडेल. मग तू ओरडलीस. 'सोड माझा हात!' मुलं ढकलाढकली सोडून माझ्याकडे बघायला लागली. लहानपणी मी तुला रस्ता ओलांडून न्यायचे तेव्हापासून आजपर्यंत तू माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतास.

मी तडक बाहेर जाऊन बसमध्ये बसले. तू आली नाहीस. ती आली. माझी पिशवी टाकीपाशी राहिली होती, ती घेऊन. दारातच उभी राहून म्हणाली, 'ताई, रागावू नका. गेले दोन महिने ती फक्त मूठ उघडायचा सराव करतेय. व्यायामाच्या पोरीने सांगितलं होतं, पाण्यावर सोपं जाईल. म्हणून तर ही सहल काढली. आज दोन बोटं उघडली होती तिची. आपणहून. तुम्ही हात धरलात ना, त्याच्या आधी.'

मी म्हटलं, 'मला ताई म्हणू नका.'

तरी ती गेली नाही. मी विचारलं, हे मला का नाही सांगितलं तिने? तर म्हणाली, 'ती म्हणते, ताईला सांगितलं तर माझ्या आधी तीच माझी मूठ उघडेल.'

तेव्हा मला एवढा राग आला की बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने जागा बदलली. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुम्हा दोघींना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्यासाठी मी काय केलं नाही? केस विंचरले, बुटाच्या नाड्या बांधल्या, घास करून दिले, गुंड्या लावल्या. आणि तू मूठ उघडायला शिकलीस ते परकीच्या समोर! ओरडलीस याचं मला दुःख नाही. तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, हे मला सहन होत नाही. अजूनही होत नाही. पण तू बोललीस त्यात खोटं काय आहे? तू न सांगताही मी तेच केलं.

ती दोन बोटं मला दिसलीच नाहीत, चिमणे. मी तुझ्या हाताकडेच बघत होते, तरी दिसली नाहीत.

माझं मन मोठं झालंय असं समजू नको. ती बाई मला आवडत नाही, पुढेही आवडायची नाही. तिचं हसणं फार मोठं आहे, आणि तुझा कोट तिने अजून धुतला नसणार. डागाला कोमट पाणी आणि साबण, गरम पाणी अजिबात नको. पण तो तूच धू. हे लिहायला मला किती जड जातंय ते तुला कळणार नाही.

पेटी पाठवते आहे.

जाड कागदात गुंडाळून दोरीने बांधली. आधी सुरगाठ मारली होती. टोक ओढलं की सुटेल, तुला त्रास नको. मग ती सोडली, आणि लाँड्रीत गठ्ठे बांधायचे तशी निरगाठ मारली, घट्ट. गाडीत आपटली तरी सुटायची नाही. तुला ती सोडवायला वेळ लागेल. लागू दे. कात्री लावायची नाही. आणि त्या बाईला सांग, तिने शेजारी बसून नुसतं बघायचं. तिला ते जमतं. मी असते तर मला जमलं नसतं, म्हणून तर पेटी घेऊन स्वतः येत नाहीये.

परत कधी येतेस, विचारणार नाही. तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवलंय, ते मांजरीला आतबाहेर करायला. दुसरं काही मनात आणू नको.

गाठ सुटली की दोन ओळी लिही. वाकड्यातिकड्या आल्या तरी चालतील, पण उजव्या हाताने लिही. तोवर मी फोन करणार नाही. हातावर बसून राहीन.

हात सोडलेली,
तुझी ताई