तुम्ही द्याल ते

शेगाव, ४ जून २०२५

चि. सौ. नीरजा हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

आठवीत असताना तू एकदा म्हणाली होतीस की, सगळं ठीक आहे असं जो लगेच सांगतो, त्याचं मी आधी उघडून बघते. रेडिओ दुरुस्त करून आणणाऱ्या उत्तमरावांना तू हे तोंडावर ऐकवलंस आणि बाबांनी तुझा कान धरला. पुढे तुझं पोटच त्यावर भरलं. यंत्र बाजारात जाण्याआधी ते कुठे चुकेल हे शोधायचीही नोकरी असते, हे आम्हाला तुझ्यामुळे कळलं. शंतनूही तुझं बघूनच त्यात पडला.

आता तो रोज मला सांगतो की, आई, सगळं ठीक आहे.

पुण्याची नोकरी सोडून त्याला घरी येऊन चौदा महिने झाले. अठरा हजारांत एका खोलीत पाच जण, आणि आला तेव्हा वजन सेहेचाळीस किलो, हे तू बघितलंच आहेस. वजन भरून आलं, बोलणं नाही आलं. जेवतो, स्वतःचं ताट धुतो आणि दुपारी स्टेशनवर जाऊन फलाटाच्या टोकाला बसतो. शेजारची जनकाबाई रोज विचारते की, पोरगं काऊन घरी बसून राह्यलं, बापासंगं पूजा सांगाले काऊन नाही लावत. मी हसून घेते.

परवा त्याची वही हाती लागली. गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या, मिनिटाला मिनिट. मला आधी बरं वाटलं, पोरगं काहीतरी करतंय. मग लक्षात आलं की शेगावला न थांबणाऱ्या गाड्याच तेवढ्या लिहिल्या आहेत.

पुढचं लिहीत नाही. यांना वही दाखवलेली नाही, तूही सांगू नकोस. यांना ऐकू कमी येतं म्हणून घरातला फोन कायम मोठ्या आवाजात, आणि घर दोन खोल्यांचं. म्हणून हे पत्र. तुझ्या कंपनीत काही बघ. पगार कितीही असू दे. त्याला त्या फलाटावरून उठव.

तुझी माया आहेच, ती या वेळी जरा जास्त लागेल.

तुझी
शकुंतलाताई


पुणे, ९ जून २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कंपनीच्या जिन्यात बसून वाचलं. वर जाऊन कुणाशी बोलायचं बळ येईना.

आधी एक कर. मागच्या बाजूला अकोल्याच्या डॉक्टरांचा पत्ता लिहिला आहे. ते मनाचेच डॉक्टर आहेत. या आठवड्यातच त्याला ने, नोकरीची वाट बघू नकोस. भाऊजींना डोकेदुखी सांग. आणि त्याला दुपारी एकट्याला सोडू नकोस.

नोकरीचं म्हणशील तर माझ्याच विभागात टेस्ट इंजिनिअरची एक जागा आहे. रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणारा पंप आम्ही तपासतो. मी नातं कळवून टाकलं आहे, त्यामुळे मुलाखतीला मी नसेन. पगाराचं ऋत्विक नावाचा मुलगा बोलेल. तो वाईट नाही, पण समोरचा काय मागतो यावरच त्याचं सगळं चालतं. म्हणून शंतनूला बजावून सांग की आकडा विचारला की आकडाच सांगायचा.

ताई, तो इथे होता तेव्हा दर रविवारी यायचा आणि दोन पोळ्यांत पोट भरलं म्हणायचा. मी मान्य करायचे. सासूबाई बाहेरच्या खोलीत अंथरुणावर, आतल्या खोलीत लेकीची दहावी. त्याला ठेवून घ्यायला जागा नव्हती, म्हणून मान्य करणं सोयीचं होतं. यंत्र असतं तर मी उघडून बघितलं असतं.

भाऊजींना नमस्कार. तुझा राग असेल तर तो लिही, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी
नीरजा


शेगाव, २४ जून २०२५

चि. सौ. नीरजा हिस अनेक आशीर्वाद.

अकोल्याला दोनदा जाऊन आलो. गोळ्या सुरू आहेत, झोप लागते. आणि तुला कळलंच असेल, शंतनूला घेतलं.

परीक्षेसाठी त्याला तुमच्या पंपाची माहिती पाठवली होती. त्याने विचारलं की औषध चालू असताना लाइट जाऊन परत आली तर पंप आधी दिलेलं औषध पुन्हा पहिल्यापासून देईल का. तर म्हणे खरंच देतो. तुमच्या लोकांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हटलं, इथे लाइट दिवसातून चारदा जाते, तिचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. तो हसला. नीरू, तो हसला.

आता दुसरं. तू रागावशील म्हणून तीन दिवस लिहिलं नाही. पगार किती हवा असं विचारल्यावर त्याने हात जोडले आणि म्हणाला की, तुम्ही योग्य समजून द्याल ते. त्यांनी चोवीस हजार सांगितले, याने लगेच हो म्हटलं. मी त्याला बजावलं होतं, पण तोंडातून तेच आलं. लहानपणापासून बापाच्या मागे पूजेचं सामान घेऊन फिरला आहे. यात्रेकरू विचारतात, गुरुजी किती द्यायचे, आणि हे म्हणतात, द्याल ते. दक्षिणा सांगायची नसते, एवढंच त्याने ऐकलं आहे. यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, चौदा महिन्यांनी पहिल्यांदा.

दहा जुलैला त्याला पुण्यात सही करायची आहे. चोवीस तर चोवीस. इथून तर निघेल.

इकडचा विचार सोडू नकोस.

तुझी
ताई


पुणे, २८ जून २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

ऋत्विक खुशीत माझ्या टेबलाशी आला होता. तुमचा भाचा फारच भला माणूस आहे म्हणाला, असा उमेदवार पहिल्यांदाच बघितला. या जागेसाठी महिना पंचावन्न हजारांपर्यंतची मंजुरी होती. हे मी तुला सांगायला नको होतं. कळलं तर माझी नोकरी जाईल. तरी सांगते आहे.

इथे एकट्याला धड खोली चौदा हजारांच्या खाली मिळत नाही, अनामत वेगळी. मग डबा, बस, अकोल्याच्या गोळ्या. चोवीस हजारांत तो पुन्हा चौघांत पाचवा होईल, आणि घरी पैसे पाठवता यावेत म्हणून पहिल्यांदा एका वेळचं जेवण बंद करेल. तू त्याला फलाटावरून उठव म्हणालीस. मी त्याला उचलून पुन्हा त्या खोलीत ठेवते आहे, असं मला वाटायला लागलं आहे.

पगार वाढव म्हणून ऋत्विकला विनवलं. तो म्हणाला की मुलगा स्वतः मागत नाही, आणि तुम्ही मावशी आहात, तुम्ही न बोललेलं बरं. सहीआधी त्याने एक ओळ लिहून पाठवली तर मात्र विचार करावाच लागेल, कारण त्याच्यासारखा दुसरा मिळालेला नाही. मी शंतनूला फोन केला. बाबांना विचारतो म्हणाला. मी वरचे पैसे पाठवले तर तो परत पाठवेल, मागेही पाठवले होते.

भाऊजींशी तू बोल. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून लोभ ठेव.

तुझी
नीरजा


शेगाव, १ जुलै २०२५

चि. सौ. नीरजास आशीर्वाद.

तुझं पत्र शकुंतलेने मला वाचून दाखवलं, म्हणजे माझ्या कानांमुळे अर्ध्या गल्लीलाही दाखवलं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचं आहे, त्यामुळे ती दोनदा अडखळली.

शंतनूने मला विचारलं. मी नको म्हणालो. माझ्या वडिलांनी आकडा सांगितला नाही, मीही एक्केचाळीस वर्षांत सांगितला नाही. कोणी अकरा रुपये दिले, कोणी पाच हजार. दोन्ही कपाळाला लावले. त्यातच हे घर चाललं आणि मुलगा इंजिनिअर झाला. आणि आता तर त्याने शब्द दिला आहे. दिलेला शब्द फिरवून नोकरीची सुरुवात करायची, हे मला पटत नाही. पोर कित्येक दिवसांनी घरात बोलायला लागलं आहे. त्यात आणखी काही मागू नये.

तुझ्या कळकळीबद्दल शंका नाही. ती अशीच असू दे.

शुभचिंतक
भालचंद्र


पुणे, ४ जुलै २०२५

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

हे पत्र ताईकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून तुम्हीच वाचा. म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

तुमच्यापुढे मी आजवर उलट बोललेले नाही. तुम्ही यजमानाकडे जाता तेव्हा तो आधी पाय धुतो, ताट वाढतो, मग दक्षिणा देतो. पूजा झाली की तुम्ही आपल्या घरी येता, तिथे ताई असते. इथे ताट नाही, घरही नाही. आणि यजमानाने तुम्हाला द्यायचे म्हणून पंचावन्न काढून ठेवले आणि तुम्ही हात जोडल्यावर त्यातले एकतीस परत खिशात घातले, असं तुमच्या बाबतीत झालेलं नाही. झालं असतं तरी तुम्ही दोन वेळ जेवला असता.

आता जे लिहिते त्याबद्दल ताई मला क्षमा करणार नाही. तिने तुमच्यापासून शंतनूची एक वही लपवली आहे. तिच्याकडून मागून घ्या. त्यातल्या गाड्या कोणत्या, ते तुम्हाला दोन पानांत कळेल. अकोल्याच्या गोळ्या डोकेदुखीच्या नाहीत. एकदा तो या शहरात उपाशी राहून तसा झाला. दुसऱ्यांदा त्याला परत घरी आणता येईल याची मला खात्री नाही. मला भीती वाटते, भाऊजी. हे मी माझ्या घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

माझं तो ऐकणार नाही, ताईचंही नाही. तुम्ही नको म्हणालात, तेवढं त्याला पुरलं. म्हणून मागते. या पत्राखाली चार बोटं जागा सोडली आहे. तिथे तुमच्या हाताने ‘पंचावन्न हजार’ एवढंच लिहा, तुमची सही करा आणि तेवढा तुकडा फाडून शंतनूच्या हातात द्या. तुम्ही लिहिणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहा.

तुमची
नीरजा