भिंतीवर चढणारी बोटं

ताई,

समोर बसून बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहितेय. हे पत्रही तुझ्या हाती देणं मला जमेलसं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझं स्तनाचं ऑपरेशन झालं. सरकारी दवाखान्यात टाके काढले, गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि घरी पाठवलं. तू कपडे बदलतानाही रडायचीस. मी फटकन म्हटलं होतं, "जीव वाचला ना? मग आता कसलं रडगाणं?" त्यानंतर तू माझ्यासमोर कधी रडली नाहीस.

यंदा तेच दुखणं माझ्या वाट्याला आलं. ह्यांच्या कंपनीचा विमा आहे, म्हणून दर गुरुवारी एक समुपदेशक बाई मला तासभर भेटतात. पहिल्याच दिवशी मी ढसाढसा रडले, तर म्हणाल्या, "रडा, सगळ्यांनाच रडू येतं." ऑपरेशननंतर हात आखडू नये म्हणून बोटांनी भिंतीवर चढत जायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

काल तू शिवणाच्या कारखान्यातून थेट मला बघायला आलीस, तेव्हा मी तेच करत होते. तूही भिंतीला बोटं लावलीस. तुझा हात खांद्यापाशीच अडला.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," तू म्हणालीस. "तुझा मात्र छान वर जातोय हं! कुणी शिकवलं?"

मला तुझ्याकडे बघवेना. मी म्हटलं, "कुठेतरी वाचलं होतं."

तू मान डोलावलीस. "बरं झालं बाई, तू शिकलेली आहेस."

तुझी,
धाकटी