मी म्हणजे कोण?

४ डिसेंबर १९६८
भोरहून एस.टी.नं हिर्डोशी, तिथून सामान खांद्यावर घेऊन घाटातलं काम गाठलं. वारा छान आहे. पत्र्याची खोली मिळाली, मागे झरा. इथला नवा ओव्हरसियर मी. रस्ता रुंद करायचा आहे. वर कड्याला सोपान सुरुंग लावतो, खाली माझ्या खोलीजवळ बायका खडी फोडतात. मधे तारेचा फोन. यंत्रं दोनच, एक त्याच्याकडे, एक माझ्या खोलीत. बायका वळणापलीकडे गेल्या की मी फोन करायचा, मग त्यानं शिट्टी मारून बत्ती द्यायची. बायकांच्या मुकादम भामाबाई. त्यांनी नाचणीची भाकरी दिली आणि लग्न झालंय का ते विचारून घेतलं.

७ डिसेंबर
गेल्या महिन्यात बायका हलायच्या आतच सुरुंग उडाला. खडी फोडणाऱ्या चंद्राबाईंचा पाय गेला. हुकूम कुणी दिला, हे सोपानलाही सांगता येत नाही. फोनवर "मी बोलतोय" असं ऐकलं आणि दिली बत्ती. मी म्हणजे कोण, हे विचारलं नाही. का, तर वळखीच्या माणसाला नाव इचारणं बरं दिसतं का सायेब?
आता नियम केला. रोज सकाळी मी त्याला एक शब्द सांगणार. फोनवर तो शब्द आल्याशिवाय बत्ती नाही.

११ डिसेंबर
आज मुद्दाम शब्द न सांगता फोन केला. सोपान लगेच "व्हय" म्हणाला. रागावलो तर हसतो. तुमचा आवाज म्या वळखत न्हाई व्हय, म्हणे. कालचा शब्द 'उंबर' होता, तो दुपारपर्यंत सगळ्या कामावर माहीत झाला. भामाबाई मला उंबरसायेब म्हणू लागल्या आहेत.

१६ डिसेंबर
तेच तेच सांगून घसा बसला. तोंडावर माना हलवतात, पाठ वळली की मोकळे. चंद्राबाईंना उचलून नेणारी हीच माणसं. डोकं फिरायची वेळ आली आहे.

१९ डिसेंबर
भोरला गेलो होतो. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आल्यावर सोपान म्हणाला, मगाशी फोनवर तुमीच शब्द इचारलात. इसरलो म्हणालात, म्हणून सांगितला.
मी फोन केला नव्हता. त्याला वाटलं, मी परीक्षा घेतोय.
नवा नियम: शब्द कुणी विचारला तरी सांगायचा नाही, मी विचारला तरी. आणि एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालणार नाही.

२० डिसेंबर
सगळी तार चालत तपासली. कुठं जोड नाही. तिसरं यंत्र नाही.

२१ डिसेंबर
सहज फोन कानाला लावला. आधीच कुणी बोलत होतं. सोपानशी. नियम समजावून सांगत होतं, चिडून, मी चिडतो तसं —
आवाज माझा.
भोरला जाऊन कचेरीत कळवलं. हसले. काम बंद ठेवायचं नाही म्हणाले.

२२ डिसेंबर
सोपाननं आज सगळे नियम न चुकता म्हणून दाखवले. पहिल्यांदाच. बरं वाटायला हवं होतं.

२३ डिसेंबर
बायका खालीच. मी फोन केलेला नाही. वर शिट्टी —

फोन फिरवला. थांब म्हटलं. शब्दही सांगितला. सोपान म्हणाला, ह्यो शब्द मगाशीच आला, वापरलेला चालत न्हाई. आता सायबाच्या आवाजात कुणी थांब म्हणंल, त्याचं ऐकायचं न्हाई, असं सायबानंच बजावलंय. मी ओरडलो, अरे, मी बोलतोय. त्यानं विचारलं, मी म्हंजी कोण? आणि फोन ठेवला. आता उचलत नाही.

भामाबाई बायकांना पळवताहेत. निम्म्या वळणापलीकडे गेल्या. मागच्या दोघींना घेऊन मीही निघतो, पण आधी हे — सोपानवर आळ येऊ नये. त्यानं आज सगळं बरोबर केलं. शिकवलं तसं. बत्ती त्यानं दिली, पण हुकूम देणारा तो नव्हे, हुकूम देणारा म