हिरवा दिवा

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार, आणि तोही वाकून. पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. आपण रोज फोनवर बोलू शकतो आणि मी पत्र लिहीत बसलोय. जन्मभर नव्या यंत्रांचं कौतुक लिहिणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण असो.

हात कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणालीस. पट्टी वगैरे आत खुपसू नकोस.

इकडे नेहमीचंच. या आठवड्यात परीक्षणासाठी बोलणारा वजनकाटा आला. आमचा छायाचित्रकार मित्र, तोच तो, आम्ही ज्याला जाड्या म्हणतो, तो त्यावर उभा राहिला, तर काटा म्हणाला, "कृपया एका वेळी एकानेच उभे राहावे." सगळं ऑफिस हसून हसून लोळलं. जाड्या रुसला, मग त्यानंच चारदा चढून सगळ्यांना ऐकवलं. संपादकबाई म्हणाल्या, हेच लेखाचं शीर्षक. एका वाचकानं विचारलंय, की टाइपरायटरच्या कळा अक्षरांच्या क्रमानं का नसतात. त्यामागे लागून माझी अख्खी दुपार गेली, आणि ती मी आनंदानं जाऊ दिली. दुसरं काही करायचं होतं, ते टाळता आलं.

ते म्हणजे तुला हे सांगणं.

आईच्या खोलीतला कॅमेरा मी जूनमध्ये लावला. परीक्षणासाठी आलेला होता. म्हटलं, तू चष्म्याच्या दुकानात असताना तुला आई दिसत राहील. तुझ्या आणि भाऊजींच्या फोनवर जोडून दिला. दोन आठवड्यांनी लेख छापून आला, पाचपैकी चार तारे. त्यात मी लिहिलं होतं, 'घरातल्या कॅमेऱ्यात घरच्यांशिवाय कुणालाही जागा देऊ नका.' पण लावताना जोडलेला माझा फोन मी त्यातून काढलाच नाही. विसरलो नव्हतो. ठेवला.

सुरुवातीला खरंच आईसाठी. दिवसातून एकदा बघायचो, ती झोपलेली असायची, बरं वाटायचं. मग आवाजही चालू केला.

ऑक्टोबरात तुझी ग्रंथपाल मैत्रीण आली होती. तू तिला म्हणालीस, "तो येतो, काहीतरी नवीन यंत्र ठेवतो, फोटो काढतो नि जातो. आईची चादर एकदा बदलली असेल तर शपथ. आणि लोक म्हणतात, काय हुशार भाऊ आहे तुझा!"

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी मला इतका राग आला, की मी चार महिने तुझ्या घराची पायरी चढलो नाही. तू दोनदा विचारलंस, "माझं काही चुकलं का रे?" मी म्हणायचो, "छे गं, काम." आणि बघणं मात्र वाढलं. तू पुन्हा माझ्याबद्दल बोलतेस का, हे ऐकायची चटकच लागली. तू कधीच बोलली नाहीस. आईशी बोलायचीस. अर्धांगवायूपासून तिला उत्तर देता येत नाही, तरी दुकानात कोण आलं, कुणी कुठली फ्रेम घेतली, सगळं सांगायचीस. तेही मी ऐकलंय.

आता रविवारी फोनवर तू मला जे विचारलंस, त्याबद्दल.

तू म्हणालीस, "अरे, मी पडले तेव्हा कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला होता. कुणी बघत असलं तरच लागतो ना तो? मला वाटलं हे बघतायत, म्हणून हाका मारल्या. हे म्हणतात, मी मीटिंगमध्ये होतो, फोनला हातही लावला नव्हता. बिघडलाय का रे तो?"

मी म्हणालो, "सॉफ्टवेअरमध्ये गडबड असते कधीकधी."

तू म्हणालीस, "तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल. पण यांच्यावर मी नाही नाही ते आरोप केले रे. धड बोलत नाही आहोत आम्ही."

ताई, दिवा बिघडलेला नव्हता. भाऊजी खरं बोलतायत. बघणारा मी होतो.

वीस फेब्रुवारी, गुरुवार, तुझी सुट्टी. मी ऑफिसात होतो. तू आईला कुशीवर वळवत होतीस, खालच्या प्लास्टिकवरून तुझा पाय सरकला आणि तू पलंग आणि कपाटाच्या मधे पडलीस, हात अंगाखाली. फोन स्वयंपाकघरात. तू मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलंस. "अहो, बघताय ना? हात मोडला वाटतं. या ना लवकर."

मी जागेवरून उठलो, जिन्यात गेलो. भाऊजींचा नंबर काढला. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचाही माझ्याकडे होता. दोघांपैकी कुणालाही फोन केला असता, तर पहिला प्रश्न आला असता, तुला कसं कळलं? या एका प्रश्नापायी मी जिन्यात उभा राहिलो. म्हटलं, उठेल आता. मग म्हटलं, आणखी दोन मिनिटं. तू तीनदा हाक मारलीस. तिसऱ्यांदा "अहो"ही म्हणाली नाहीस, नुसतं "कुणीतरी या" म्हणालीस.

बावीस मिनिटं, ताई.

शेवटी हललं कोण, तर आई. जिला कूस बदलता येत नाही, तिनं चांगल्या हातानं पलंगाची दांडी वाजवायला सुरुवात केली. थांबलीच नाही. तो आवाज ऐकून नर्सबाई वर आल्या. मी फोन खिशात टाकला, जागेवर येऊन बसलो आणि अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. चांगलं जमलं होतं ते वाक्य.

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "अगं, कशी काय पडलीस?" दुसऱ्या दिवशी येऊन बसलो, तर तू म्हणालीस, "आलास, बरं वाटलं. माझं काही चुकलं असेल तर मनात ठेवू नकोस." मी मान हलवली. तुला माफ केल्यासारखी.

काल कॅमेऱ्यातून माझं नाव काढून टाकलं. ते काही मोठं काम नव्हतं, एक बटण होतं. आज भाऊजींच्या ऑफिसात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "हे तिला तू सांग, मी सांगणार नाही. आणि तोंडी सांगू नकोस, बोलण्यात तू स्वतःला सोडवून घेतोस." म्हणून हे पत्र.

संपादकबाईंकडून तुझं प्लास्टर निघेपर्यंतची रजा घेतली आहे. सोमवारी सकाळी नऊ वाजता येईन. आईचं अंग पुसणं, चादर, औषधं, जे असेल ते तू सांग, मी करीन. तू बोलली नाहीस तरी करीन. दार उघडायचं नसेल तर नको उघडूस. मी अर्धा तास थांबून परत जाईन आणि मंगळवारी पुन्हा येईन.

माफी मागत नाही. ती मागितली की तू देऊन टाकशील, तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी देऊ नकोस, निदान लगेच तरी.

आईला हे वाचून दाखवायचं का, ते तू ठरव. मला वाटतं, तिला माहीत असावं. तू पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा तिनं तो चांगला हात पांघरुणात ओढून घेतला होता.

तू हाक मारलीस तेव्हा ऐकत असलेला,
तुझा धाकटा भाऊ